तुळजेच्या कासेला कुणाचा हात

तुळजा गाय पान्हा सोडते ती फक्त शेषगिरीच्या हाताला, असं कुडमुरुट्टी नदीच्या काठच्या त्या गावात सगळे म्हणत. आणि सगळ्यांत मोठ्यानं शेषगिरी स्वतः म्हणे.

एकसष्ट वर्षांचा माणूस. घराणं मराठी राजांच्या पदरी तंजावूरला आलेलं, मग कधीतरी तिरुवैयारूच्या या बाजूला भातशेतीवर स्थिरावलेलं. भाऊ शिकले. एक चेन्नईत प्राध्यापक झाला, दुसरा विमा कंपनीत लागला. शेषगिरी दहावीला दोनदा बसला, दोनदा आपटला, आणि तिसऱ्यांदा परीक्षेच्या दिवशीच घरची म्हैस व्यायला झाली म्हणून गेलाच नाही. तेव्हा गोठ्यात शिरला तो कायमचा. शेजारच्या घरात राहणारा चुलतभाऊ वरुणराव बँकेतून निवृत्त झालेला. लग्नामुंजीच्या पंगतीत तो हटकून विचारी, "काय शेणगिरी अण्णा, आज अत्तर कुठलं लावलंत?" पंगत हसे, शेषगिरीही हसे. पण घरी आला की आधी गोठ्यात जाई, तुळजेच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवी आणि म्हणे, "त्यांना पेन्शन आहे. तू आहेस का त्यांच्याकडं?"

त्याच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यावर रुपयाएवढा घट्टा होता. सातव्या वर्षी आजोबांनी शिकवलं होतं: अंगठा आत दुमडायचा, सड त्याच्या सांध्यावर दाबायचं आणि ओढायचं. पहिलवानानं मोडलेला कान मिरवावा तसा तो हा घट्टा मिरवी. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. बायको कमलाक्षीनं या काळात शेण काढलं, पेंढा घातला, गाई धुतल्या, वासरं बांधली-सोडली. पण धार काढायच्या वेळी तिनं गोठ्याबाहेर असायचं. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. तसं होतं.

मग दूध सोसायटीच्या माणसानं एक अर्ज आणून दिला. तंजावूरच्या एका केंद्रात पशुपालनाचं तीस दिवसांचं मोफत प्रशिक्षण. शेषगिरीनं तो कागद दोन बोटांत धरला. "मी जाऊ शिकायला? त्यांना म्हणावं, मास्तर कमी पडत असेल तर कळवा." पण खाली लिहिलं होतं की प्रत्येकाला दहा किलो क्षारमिश्रणाचं पोतं मिळेल. ते सोडणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं स्वतःच्या हातानं अर्जावर बायकोचं नाव लिहिलं. "जा, बस, ऐक, आणि पोतं घेऊन ये."

पोतं पहिल्याच दिवशी आलं. कमलाक्षी दुसऱ्या दिवशीही गेली.

रोज आठच्या बसनं ती जाई, डब्यात दहीभात, वेणीत मोगऱ्याची दोन बोटं माळ. संध्याकाळी परते तेव्हा दमलेली असायला हवी. पण चेहरा असा, जणू कुणाच्या डोहाळजेवणाहून आलीय. आणि तोंडात एकच नाव. विनुता डॉक्टर म्हणाल्या, पाणी दिवसभर समोर असावं. विनुता डॉक्टर म्हणाल्या, गोठ्याला उतार हवा. शेषगिरी ते 'म्हणाल्या' मोजू लागला. एका जेवणात नऊ झाले तेव्हा त्यानं ताक न घेताच हात धुतले.

दुसऱ्या आठवड्यात कुंभकोणमला भाच्याच्या मुलाची मुंज होती. परतताना बस वाटेत बंद पडली. दिवेलागणीला तो गावच्या थांब्यावर उतरला तो जवळजवळ पळतच निघाला. तुळजा कास तटतटून हंबरत असेल, वाट पाहत असेल. खरं सांगायचं तर तिनं हंबरावं असं त्याला वाटत होतं. मुंजीतल्या पंगतीतही तो सारखं तेच मनात आणत होता.

हंबरणं ऐकू आलं नाही. आली ती चरवीत पडणारी धार. त्याची धार चुरचुर वाजे. ही जाड होती, सावकाश, पाटाचं पाणी मडक्यात भरावं तशी. तो दाराशी थबकला. त्याच्या पाटावर कमलाक्षी बसली होती, सडाभोवती सगळी मूठ मिटलेली, अंगठा बाहेर सरळ. तुळजा डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. धारेच्या वेळी तुळजा उजवा मागचा पाय उचले. "अंगात रग आहे," म्हणून तो तिचा पाय नेहमी दोरीनं बांधे. ती दोरी आज खुंटीवरच लोंबत होती.

पाहू नये ते पाहिल्यासारखा तो मागं फिरला. अंगणात जाऊन खोकला, मग पुन्हा आला.

"किती?"

"पाच लिटर. वर थोडं."

त्याच्या हाताला संध्याकाळी साडेचार लिटरच्या वर कधी येत नसे. "काय चारलंस?"

"काही नाही."

"मग?"

"मग काय? ती उभी राहिली, मी बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेला बसताना शेषगिरीनं तुळजेच्या कानाशी तोंड नेलं. "सांग, तिच्या हातात असं काय आहे?" तुळजेनं कान झटकला. सडाला हात लागताच पाय उचलला. त्यानं दोरी काढली आणि नेहमीपेक्षा एक वेढा जास्त दिला.

पुढं त्याला घासही गोड लागेना. कमलाक्षी गोठ्यात शिरली की तो काही ना काही काम काढून मागं जाई. तुळजेनं तिच्याकडं मान वळवली की हा गव्हाण वाजवून ती आपल्याकडं वळवी. दुपारी ती तंजावूरला असताना एकदा त्यानं तिची वही काढली. बोलणं दोघांचं मराठी. हाताला अक्षरं मात्र तमिळच येत, म्हणून वहीही तमिळच. सावकाश वाचत, पानं उलटत तो एका चित्राशी थांबला. हात काढला होता. अंगठा आत दुमडलेला. त्यावर लाल शाईनं फुली. खाली लिहिलं होतं: असं काढल्यानं सड आतून दुखावतं. गाय पाय उचलते ती दुखतं म्हणून.

पानावर तारीख होती. प्रशिक्षणाचा चौथा दिवस.

संध्याकाळी ती शेवग्याचा पाला निवडत बसली होती.

"चौथ्या दिवशीच कळलं होतं तुला?"

"काय ते?"

"अंगठा."

पाल्यातला हात थांबला.

"वर्गात हसले असतील सगळे."

"हसले. निम्म्या घरांत तोच अंगठा आहे म्हणाले, आणि हसले."

"तू?"

"मी वहीत काढला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नाही."

"मग?" म्हणाली, आणि पाला निवडू लागली.

ती भांडली असती तर त्यालाही भांडता आलं असतं. न भांडून तिनं तेही आपल्याकडं ठेवून घेतलं.

शेवटच्या दिवशी विनुता डॉक्टर प्रत्येकाच्या गोठ्यात येऊन परीक्षा घेणार होत्या. आदल्या दिवशी कमलाक्षी म्हणाली, "सकाळी नऊला येतील. धार मला काढावी लागेल बहुतेक. तोवर तुळजेला तुम्ही हात लावू नका."

हात लावू नका! भाताचं कुसळ घशात अडकावं तसं ते वाक्य अडकलं. माझी गाय, माझा गोठा, अर्जावर नाव लिहिलेलं माझ्या हातानं. उद्या चारचौघांत तुळजा हिच्या मुठीत दूध देईल, वरुणराव ते बघेल, आणि मग गावात कोण म्हणेल की ती फक्त शेषगिरीला पान्हा सोडते?

सकाळी कमलाक्षी दारात रांगोळी घालत होती तेव्हा तो गोठ्यात शिरला. दोरी बांधली, अंगठा दुमडला आणि शेवटच्या थेंबापर्यंत कास पिळून काढली. भरलेली चरवी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कमलाक्षी आत आली. तिनं चरवी पाहिली. त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच दुधाची कॉफी करून त्याच्यापुढं ठेवली.

त्या कॉफीला काही चव नव्हती.

नऊला डॉक्टर स्कूटरवरून आल्या. तिशीतली मुलगी, तंजावूरच्या मराठी घरातलीच. मराठी सगळं समजे, पण ओठांवर तमिळच आधी येई. वरुणराव आपल्या ओसरीवरची खुर्ची घेऊन गोठ्यासमोर येऊन बसला, गावातले आणखी चारजण उभे राहिले. डॉक्टरांनी कासेला हात लावला.

"अम्मा, ही तर रिकामी आहे."

"वैनी," वरुणराव म्हणाला, "परीक्षेला तुमची गाय कोरी पाटी घेऊन आली की हो!"

शेषगिरीला हवं होतं ते झालं. लाही फुटायला लागतो तेवढा वेळ त्याला बरंही वाटलं. तेवढ्यात कमलाक्षी म्हणाली, "माझीच चूक, मॅडम. मीच ह्यांना म्हटलं, सकाळी लवकर काढून घ्या. परीक्षेचं विसरले."

तेहतीस वर्षांत तिला खोटं बोलताना त्यानं पाहिलं नव्हतं. आणि आता, त्याच्यासाठी, चारचौघांत, डोळ्याची पापणी न हलवता! त्याच्या अंगाची लाहीलाही झाली. गाय हिनं घेतली, अर्धा लिटर दूध हिनं वाढवलं, आणि आता मोठेपणासुद्धा हीच घेऊन चालली. मग माझ्या वाट्याला उरलं काय?

"खोटं बोलते ती!" तो ओरडला. "मी काढलं. मुद्दाम. शेवटच्या थेंबापर्यंत! हिची परीक्षा होऊ नये म्हणून!"

वरुणरावाचं तोंड उघडं राहिलं, आणि एकदा तरी त्यातून विनोद बाहेर पडला नाही. डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि अडखळत, घरात आजीशी बोलावं तशा मराठीत म्हणाल्या, "मामा, धार मी केंद्रात तिथेंच पाहिली. आज रोग ओळखायाची परीक्षा. चार थेंब पुरेत."

त्यांनी पिशवीतून चार वाट्यांची एक पांढरी थाळी काढली. कमलाक्षीनं चारही सडांतून थोडंथोडं दूध एकेका वाटीत घेतलं, वर जांभळं औषध घातलं आणि थाळी हलके गोल फिरवली. तीन वाट्यांत ते पाण्यासारखं खेळत राहिलं. चौथीत घट्ट झालं, चिरलेल्या भेंडीसारखं बुळबुळीत, तार सुटणारं.

"उजवं मागचं," कमलाक्षी म्हणाली. "आतून सुजलंय. वरून दिसत नाही. औषध नाही केलं तर सड आंधळं होईल, दूधच येणार नाही." हे बोलताना तिनं शेषगिरीकडं पाहिलं नाही, आणि तेच त्याला सर्वांत लागलं. तुळजा उचलायची तो पाय त्याच बाजूचा. दोन वर्षं तो ती दोरी आवळत आला होता.

"पास," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी सडात औषध सोडलं, पाच दिवसांचं लिहून दिलं, तेवढे दिवस ते दूध कुणी प्यायचं नाही म्हणून बजावलं. "आणि धार आता अम्मांनीच काढायाची. मूठ भरून."

निकाल लागला. शेषगिरी खुंटीवरच्या दोरीकडं पाहत उभा राहिला.

"आणखी एक," डॉक्टर आता तमिळमध्ये म्हणाल्या. "धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहतं. तेव्हा गाय बसली तर घाण आत जाते. म्हणून वैरण तेव्हाच घालायची, आणि कुणीतरी जवळ थांबून तिला उभी ठेवायची. कोण थांबेल?"

"मीच थांबे—" कमलाक्षी म्हणू लागली.

"तू नाही!" शेषगिरी इतक्या घाईनं बोलला की वरुणरावाला हसू फुटलं. "धार तुझी. अर्धा तास माझा."

याला सात महिने झाले. चौथं सड वाचलं. दूध देतं, थोडं कमी. कमलाक्षीला आता गावातली पाच-सहा घरं थाळी घेऊन बोलावतात, आणि शेषगिरी तिचं प्रमाणपत्र लावलेल्या भिंतीकडं पाहायचं टाळून जेवतो. पण धार झाली की तो हिरव्या वैरणीची पेंढी घेऊन तुळजेपुढं उभा राहतो आणि तिला त्यातलं एकेक ताट उपसून हातानं देतो. परवा कमलाक्षीनं घाईत सगळी पेंढी गव्हाणीत टाकली, तर त्यानं ती सगळी बाहेर काढली आणि पहिल्या ताटापासून सुरुवात केली.

"अहो, झाला की अर्धा तास," ती दारातून म्हणाली. "पाऊण होत आला."

"तुझं घड्याळ पुढं आहे," शेषगिरी म्हणाला, आणि तुळजेला पुढचं ताट दिलं.