एलिसेओचा उजवा गुडघा

मी ज्याचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, त्याचं नाव एलिसेओ. आई-वडिलांचं नाव आधी यायला हवं, हे मला कळतं. पण त्यांचं ऋण मी चारचौघांत मान्य केलेलं आहे. एलिसेओचं अर्धंच केलंय — आणि जे केलं तेही खोटं. बायकोला हे माहीत नाही. माझ्याबरोबर सहा वर्षं एका खोलीत राहिलेल्या इक्बालभाईंना नाही. तोंडाने तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

दापोलीच्या एसटी डेपोतल्या मेकॅनिकचा मी मुलगा. घरातला पहिला ग्रॅज्युएट. फिजिओथेरपी शिकलो आणि मस्कतजवळच्या एका फुटबॉल क्लबात फिजिओ म्हणून लागलो. राहायला अल खौदला होतो. इक्बालभाई म्हणजे क्लबची बस चालवणारे, आमच्या दापोलीजवळच्या हर्णैचे, मासळीच्या बंदरावरचे. मला ते पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही, असं दोनदा सांगून पाहिलं. "आमच्या गावात सुई टोचतो तोपण डॉक्टर," म्हणाले, "तू तर शिकलेला हायस." मग सगळा क्लबच मला डॉक्टर म्हणायला लागला. मला ते आवडत होतं. का नाही आवडणार?

२०१३ मध्ये एलिसेओ आला. मेक्सिकोचा, बावीस वर्षांचा, मधल्या फळीत खेळणारा. समुद्रकाठच्या छोट्या गावातला, वडील मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यात. हे कळल्यावर इक्बालभाई म्हणाले, "बर्फाचा कारखाना? मग तो आपल्या हर्णैचाच की रे!" सतराव्या वर्षी तो तिकडच्या मोठ्या क्लबातर्फे पहिली मॅच खेळला होता. नंतर दोन वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर. बसून गंजण्यापेक्षा कुठेही खेळू, म्हणून ओमानला आला. जानेवारीत पोर्तुगालचा एक क्लब त्याची चाचणी घेणार होता. त्या चाचणीपर्यंत खेळत राहायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मला फुटबॉल कळत नव्हता. आमच्याकडे कबड्डी. फुटबॉल बघायला मला एलिसेओने शिकवलं. बॉल त्याच्याकडे येण्याआधी तो मान वळवून मागे बघायचा, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. बॉल पायाशी येईपर्यंत पुढचं सगळं ठरलेलं असायचं. अंगाने किरकोळ, पण तीन धिप्पाड माणसांच्या मधून बॉल असा काढायचा, की त्या तिघांना कळायचं तेव्हा तो पुढे गेलेला असायचा. एकदा मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाला — बॉल बघू नकोस, ज्यांच्याकडे बॉल नाही त्यांना बघ. त्या दिवसापासून मला मैदान दिसायला लागलं. सराव संपल्यावर सगळे निघून जायचे, हा मात्र भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारत बसायचा. बसमध्ये इक्बालभाई हॉर्न वाजवून ओरडायचे, "यल्ला मक्सिकी, चल आता, भिंत पडेल!" तो हसायचा आणि आणखी दहा मारायचा.

इतकं कौतुक का करतोय? कारण ते खरं आहे. आणि कारण मला मॅचकडे यायचं नाहीये.

मॅच मस्कतबाहेर, बरका गावाच्या बाजूला होती. त्याआधीच्या मॅचमध्ये मी आमच्या कॅप्टनला पोटरी धरली म्हणून बाहेर बसवलं होतं आणि आम्ही हरलो होतो. मॅनेजर ओमानी, पण हिंदी फर्डं बोलायचे. सगळ्या टीमसमोर मला म्हणाले, "तुम किसका डॉक्टर है? सामनेवाली टीम का?" सगळे हसले. मीही हसलो. तो आठवडा मी मॅनेजरच्या समोर जायचं टाळलं.

पहिला हाफ संपता संपता समोरचा एक खेळाडू एलिसेओच्या पायावर पडला. तो उठला, चालत आत आला. मध्यंतरात टेबलावर झोपला आणि मला म्हणाला, आतून सुटल्यासारखं वाटतंय. शब्द कमी पडत होते म्हणून दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींवर ठेवून सरकवून दाखवल्या. मी गुडघा हातात घेतला. मांडी एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने खालचं हाड पुढे ओढायचं, अशी एक तपासणी असते. दोन्ही हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट शाबूत असेल तर ते हाड मध्येच गच्च अडकतं.

त्याचं अडकलं नाही.

मॅनेजर दारात उभे होते. "खेलेगा?"

"खेलेगा," मी म्हणालो. पट्टी बांधली. एलिसेओने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा दाखवला. त्याने मान हलवली आणि बूट बांधले. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काय?

दुसऱ्या हाफच्या विसाव्या मिनिटाला, आसपास कोणी नसताना, वळता वळता तो कोसळला. एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं, त्याबरोबर हाडांमधली गादीही फाटलेली. मध्यंतरात थांबवला असता, तर गादी कदाचित वाचली असती. कदाचित — हा शब्द मी स्वतःसाठी वापरतोय, हे मला माहीत आहे.

यापुढची गोष्ट मी खूप ठिकाणी सांगितली आहे. ती अशी — क्लबने चौकशी लावली, जखमी खेळाडूला कोणी खेळवलं म्हणून. माझी नोकरी जाणार होती. माझ्या पैशावर धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला होता. आणि चौकशीत एलिसेओ स्वतः म्हणाला, "मी दुखणं लपवलं. डॉक्टरला सांगितलंच नाही." केवढं मन! एकदा इक्बालभाईंनी डोळे पुसले. "असा माणूस खलास झाला रे दुनियेत," म्हणाले.

ही गोष्ट खोटी आहे. म्हणजे, तो तसं म्हणाला हे खरं. स्वतःहून म्हणाला, हे खोटं.

चौकशीच्या आदल्या दुपारी मी अल हैलला त्याच्या खोलीवर गेलो. मोसंबी घेऊन गेलो होतो. तो पाय उशीवर ठेवून बसला होता. मी त्याला आमच्या घरचं सगळं सांगितलं — वडील, भाऊ, मी पहिला शिकलेला. त्याने नीट ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, तुझा गुडघा आता या दर्जाचं खेळणार नाही. तू तसाही घरी जाणार. मला इथे राहायचंय. तू काही सांगितलं नव्हतंस असं म्हणालास, तर तुझं काय बिघडणार आहे?

त्याने गुडघ्यावर हात ठेवला. मग त्याने एकच विचारलं. तुला खात्री आहे? पुन्हा नाही?

मी म्हणालो, खात्री आहे.

मला खात्री नव्हती. तसा गुडघा शस्त्रक्रियेनंतर बरा होतो, खेळाडू परत खेळतात, हे मला पाठ होतं. एका खेळाडूने आपल्या फिजिओला विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न त्याने मला विचारला, आणि मी माझ्या सोयीचं उत्तर दिलं.

त्याचं खूप बिघडलं. दुखापत लपवली तर करार रद्द, असं कलम होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण हंगामाच्या सुरुवातीला ते कलम खेळाडूंना वाचून दाखवून सह्या घेणारा मीच होतो. चौकशीच्या कागदावर 'खेळाडूने दुखापत लपवली' हे वाक्यही माझ्याच अक्षरात आहे. पोर्तुगाल राहिलं. आणि हा पोरगा दुखणी लपवतो, ही गोष्ट त्याच्या आधी मेक्सिकोला पोचली. दोन वर्षं त्याला कोणी घेतलं नाही.

पण तो थांबला नाही. ज्या गुडघ्याबद्दल मी खात्री दिली होती, तोच घेऊन तो तिसऱ्या दर्जाच्या एका क्लबात गेला, जिथे मैदानाला कुंपणही नव्हतं. मग दुसऱ्या दर्जाच्या. आता तिथे कॅप्टन आहे. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. ड्युटीआधी फोनवर मी त्याच्या मॅच बघतो. त्याने स्वतःचा खेळच बदललाय. पूर्वी बॉल घेऊन गर्दीत घुसायचा, आता मागे उभा राहून एका स्पर्शात सोडतो, उजव्या पायावर भार द्यावा लागू नये अशा बेताने आधीच जागा घेतो. बघणाऱ्याला वाटावं, हा मुळातच असा शांत खेळतो. त्या शांतपणामागची मेहनत काय असते, ते माझ्या धंद्यातल्या माणसाला दिसतं. इतका सुंदर खेळ मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

आणि मी? मी आता हेड फिजिओ आहे. भाऊ इंजिनीअर झाला.

या सुट्टीत दापोलीला माझ्या शाळेने सत्कार केला. तिथेही मी तीच गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली. कबड्डी खेळणारी असावी, गुडघ्याला निळी पट्टी होती. म्हणाली, "सर, पण तुम्ही त्याचा गुडघा तपासला नव्हता का?"

साधा प्रश्न. इतक्या वर्षांत कोणीच विचारला नव्हता. हेडसर म्हणाले, "बस गं, फार शहाणी." मुलं हसली. मी माइक धरला आणि म्हणालो, "तपासला ना. पण तो म्हणाला काही दुखत नाही." ती मुलगी बसली. तिला ते पटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

म्हणजे आता चूक जुनी राहिली नव्हती. मी ती पुन्हा केली होती, माझ्याच शाळेत.

ओमानला परत आल्यावर मी त्याला पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं आणि क्लबातल्या स्पॅनिश येणाऱ्या कोचकडून खाली भाषांतर करून घेतलं, म्हणजे त्या कोचलाही आता सगळं माहीत आहे. मराठीत ते असं आहे —

एलिसेओ,

त्या मॅचच्या मध्यंतरात तू मला सांगितलं होतंस, की गुडघा आतून सुटलाय. मी तपासला. तो सुटला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी मॅनेजरना खेळेल म्हणून सांगितलं, कारण मी त्यांना घाबरत होतो.

तुझ्या खोलीत तू मला विचारलंस, तुला खात्री आहे का. मला नव्हती. मला माझी नोकरी हवी होती, म्हणून मी हो म्हणालो.

तू दुखापत लपवली नव्हतीस. हे मी आज क्लबला लिहून दिलं आहे. जुन्या कागदावरचं ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे, हेही लिहिलं आहे. माझ्या सहीची प्रत सोबत ठेवली आहे. ती तुझी आहे. कोणाला दाखवायची, कोणाला नाही, ते तू ठरव.

महेश