आत्याचे हात

पोटाला हात लावायच्या आधी आत्या स्वतःचे हात काखेत धरून बसायची. समोर पोटुशी बाई आडवी झालेली, आम्ही चारजणी भोवती, आणि ही दोन्ही पंजे काखांत खुपसून, डोळे मिटून, कुणावर तरी रुसल्यासारखी. कुणी घाई केली की एक डोळा उघडून म्हणायची, "थांब की गं. गार हातानं त्येला भ्या वाटतं. अंधारात हाय त्ये."

मग हात बाहेर यायचे. तेलाचा एक थेंब. आणि मूल आडवं असो की पायाळू, ती ते असं थोडं थोडं सरकवायची, जणू झोपलेल्याला न उठवता त्याच्या अंगाखालची वाकळ काढतेय. तोंडानं एकच चालू असायचं, "वळ रं बाबा, घर हिकडं हाय. वळ."

शेळगावच्या शिवारात आमच्या दोघींच्या मळ्यांचा बांध एकच. माझी वांगी, तिचे दोडके. तिला साऱ्या वस्तीची आत्या म्हणत, माझ्याहून मोठ्या बायकाही म्हणत. तुमच्याही गावात अशी एखादी असेल, आठवून बघा. घरी बाळंत होणं आमच्याकडे कधीच बंद झालं, सगळ्या दवाखान्यात जातात, आणि ते बरंच झालं. पण जायच्या आधी आत्याचा हात लावून घ्यायचा, ही रीत राहिली होती. ती चाचपून सांगायची, "डोकं खाली हाय. बिनघोर जा." तेवढ्यावर पोरी निवांत व्हायच्या.

सोनोग्राफीवर तिचा फार राग. "मशीन निस्ता फोटू काढतंय. फोटूला काय कळतंय, पोरगं कुणीकडं तोंड करून बसलंय?"

तिचा हात चुकला असं कुणी कधी म्हटलं नाही. दोन वर्षांमागं पलीकडच्या मळ्यातल्या कांताचं मूल गेलं, तेही आम्ही नशिबावर ढकलून मोकळ्या झालो.

आता एक सांगते, आणि हे सांगताना मला माझाच राग येतो. एकदा मी तिच्या चुलीपाशी बसले होते. निखाऱ्याला टेकवलेली भाकरी काढताना तिची बोटं तिथंच राहिली. मी बोलत होते, ती ऐकत होती. वास आला, मग आम्ही दोघींनी खाली पाहिलं. दोन बोटांची कातडी पांढरी पडली होती. ती हसली. "राबल्यालं हात हायेत माझं. चटका लागत न्हाय." मी घरी येऊन सुनेला कौतुकानं सांगितलं, काय हात आहेत बाई! तिला किती वर्षांची साखर होती, गोळी आठवण झाली तर घ्यायची, हे सगळं मला ठाऊक होतं. पण दोन्ही गोष्टी जोडायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

तिची नात पूजा भिगवणला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली. आत्यानं पहिल्याच दिवशी हात गरम केले, चाचपलं, म्हणाली, "डोकं खाली. खुशाल खा-पी." पुढच्या आठवड्यात उपकेंद्रातल्या नर्सनं तपासलं आणि म्हणाली, "मला डोकं वर लागतंय. मूल पायाळू असेल. बारामतीला दाखवून या."

आत्या दोन दिवस जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून तयार. "चला. मी बी येते. डोकं कुठं हाय त्ये त्या मशिनीला दाखवतेच." मला म्हणाली, "तू बी चल, बोलघेवडे. नंतर चार गावात सांगायला कुणीतरी पायजे." मी काय, पदर खोचून तयारच. मूल उलटंच राहिलं तर पोट फाडावं लागेल, या भीतीनं पूजाची मात्र झोप उडाली होती. आजीचा हात धरून बसली होती सबंध वाट.

बारामतीच्या त्या डॉक्टरीणबाई तरुण, पण मोठ्या मायेच्या. म्हातारी तणतणतेय हे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आधी तुम्हीच बघा. मग मी."

आत्यानं हात काखेत घातले. नर्स घड्याळाकडं पाहायला लागली, तशी आत्या म्हणाली, "थांब की गं." मग डोळे मिटून तिनं पोटावरनं हात फिरवला. वर, कडेला, खाली. ओटीपोटापाशी थांबली. "हे बघा. हितं. टणक लागतंय. डोकं खालीच हाय."

डॉक्टरीणबाईंनी पोटाला मशीन लावलं. पडद्यावर डोकं दिसलं. माझ्यासारख्या अडाणीलाही दिसलं, चांगलं वाटोळं. ते वर होतं, पूजाच्या बरगडीखाली.

डॉक्टरीणबाईंनी आत्याचा हात हळूच उचलून बरगडीखाली ठेवला. "इथं दाबा आजी. लागतंय?"

"व्हय," आत्या म्हणाली.

चाळीस वर्षांचा शेजार आहे आमचा. तिला काहीच लागत नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरनं कळलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाहेरनं हातानं मूल फिरवून बघता येईल. दिवस योग्य आहेत, पाणीही पुरेसं आहे. नाहीच फिरलं तर ऑपरेशन आहेच, घाबरायचं नाही. भिगवणहून आलेल्या जावयानं कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजाला उपाशीपोटी आणलं, पिशवी सैल पडायचं इंजेक्शन दिलं, मुलाचे ठोके ऐकायला पट्टा बांधला. खोलीभर टपटपटप असा आवाज. पूजानं हट्ट धरला, म्हणून आम्हा दोघींना उशाशी उभं राहू दिलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात लावले आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं, "आधी कुल्लं वर उचला बाई. मग डोकं दाबा."

"तेच करतेय आजी," त्या म्हणाल्या. कपाळावर घाम होता त्यांच्या.

पहिल्यांदा मूल अर्ध्यात आलं आणि परत गेलं. पूजा ओठ चावत होती. "आजी," ती कण्हत म्हणाली, "म्हण की तुझं त्ये. म्हण की."

आत्याचे ओठ हलले. हयातभर घराघरांतून म्हटलेलं ते एवढंसं वाक्य, आणि तिच्या घशातून फुटेना. शेवटी मीच म्हटलं, "वळ रं बाबा, घर हिकडं हाय." माझ्या तोंडी ते उसनं वाटलं. पण पोटावर एक मोठा फुगवटा उठला, एका कडेनं सरकत गेला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फिरलं!" पूजा रडायला लागली, नर्स हसायला लागली, ठोके आपले टपटपटप चालू. जावई पेढे आणायला पळाला.

आत्या स्वतःच्या हातांकडं पाहत होती. उलटे करून, सुलटे करून.

संध्याकाळच्या आत आम्ही परत निघालो. पुढं पूजा आणि जावई फोनवर सगळ्यांना सांगत होते. मागं आम्ही दोघी. उसाच्या ट्रॉलीमागं गाडी बराच वेळ रेंगाळली, तेव्हा आत्या हळू आवाजात म्हणाली,

"कांताला बी मी डोकं खाली हाय म्हनले व्हते."

मी बाहेर बघितलं.

"तू आनली व्हतीस तिला माज्याकडं. बिनघोर जा म्हनले. म्हणून ती शेवटच्या तपासणीला गेलीच न्हाय, वांगी तोडत राह्यली. आन् वाटेत पाय आलं आधी." हात माझ्यापुढं धरले तिनं. "तवा बी माजं हात असंच व्हतं का गं?"

मला बोलघेवडी म्हणतात. भाकरीचा तो चटका कांताच्या आधीचा होता. ते मी तिला सांगितलं नाही. पण तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी मान फिरवली, तेवढ्यात तिला काय कळायचं ते कळलं असणार.

पूजाला मुलगा झाला. डोक्याकडनं, सरळ. बारशाला साऱ्या बायका जमल्या. आत्या भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बाळ तिच्यापुढं धरलं तर म्हणाली, "नगं, निजू दे." पणतू होता तिचा.

आणि तेवढ्यात कांता आली. सहावा लागला होता तिला. आत्याच्या पुढ्यातच बसली, पदर बाजूला केला. "आत्या, बघा की. तुमच्या हाताबिगर मला चैन न्हाय."

"बारामतीला जा."

"जाईन की. पन आधी तुमी..."

"माजं हात गार हायेत."

"मग करा की गरम. मी कुठं पळतीय?" कांता हसली. बायकाही हसल्या.

"आता न्हाय होत," आत्या म्हणाली. मग एकदम ओरडली, "मशिनीवर दावून घे! दर म्हैन्याला! ऐकतीस का?" कांताचे डोळे भरले. नातीचं दवाखान्यात झालं म्हणून आत्याला आता आम्ही नकोशा झालो, असं ती जाताना म्हणाली. खरं कारण मला माहीत होतं, मी तिथंच होते. मी तिला पानसुपारी दिली.

त्यानंतर आत्यानं कुणाच्या पोटाला हात लावला नाही. चुलीपाशीही जाईना. औषध समोर ठेवलं तर तोंड फिरवायची. मी रोज जाऊन बसायचे, बडबड करायचे, दोडक्याचा भाव सांगायचे. ती ऐकायची की नाही, देव जाणे. एकदाच म्हणाली, "पोरगं व्हतं का पोरगी, कांताचं?" मी म्हटलं, पोरगी. परत काही विचारलं नाही.

थंडीत गेली. सकाळी निरोप आला, मी बांध ओलांडून धावत गेले. तिला खाली घेतलं होतं. बाहेर अंगणात अवघडलेली कांता रडत होती, "शेवटपातुर माज्या पोटाला हात लावला न्हाय हो आत्यांनी." आणि बायका तिची समजूत घालत होत्या.

मी आत्याचे दोन्ही हात उचलले आणि माझ्या काखेत धरले. तशीच बसले कितीतरी वेळ. आत्याची सून म्हणाली, "मावशी, सोडा आता, आंघोळ घालायचीय." मी म्हटलं, "थांब की गं."

हात काही गरम झाले नाहीत.