मावशींनी खारवलेला स्पंज

समुद्रातल्या जीवांपासून औषधं शोधणं हे माझं काम, आणि मी राहते मुळशीतल्या भरे गावात. समुद्र ताम्हिणी घाट उतरून पार पलीकडे. लोक हसतात. हसू देत.

खडकाला चिकटून राहणाऱ्या एका जांभळ्या समुद्री स्पंजामागे मी दोन वर्षं लागले होते. त्याच्या अर्कानं एकदा एक हट्टी जंतू मारला आणि नेमका अर्क संपला; नंतरच्या अर्कांत तो गुण उतरेना. मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, पावसाळ्याआधीची ही शेवटची खेप. काही निघालं नाही तर विषय बंद.

शनिवारी संध्याकाळी स्पंजाचा डबा घेऊन किनाऱ्यावरून परतले तर प्रयोगशाळा बंद. डबा घरमालकीण मावशींच्या फ्रीजरमध्ये ठेवला आणि चुलत बहिणीच्या लग्नासाठी लातूरची गाडी गाठली. डब्यात काय आहे ते मुद्दामच सांगितलं नाही; सांगितलं असतं तर त्यांनी ठेवू दिला नसता.

मंगळवारी आले तर डबा धुऊन पालथा घातलेला.

“मावशी, यातलं कुठंय?”

“वाळलं की! तू गेलीस आन् लाईट गेली ती दोन दिस आलीच न्हाई. म्हनलं, पोरीची मासळी नासंल. मीठ लावून गच्चीवर वाळवली. कसली गं ही, ना काटा ना डोकं?”

मी तोंडाला येईल ते बोलले. माझी दोन वर्षं पाण्यात घातलीत, कळत नाही तर हात कशाला लावायचा, असलं बरंच. आज आठवलं तरी लाज वाटते. मावशींनी वाळलेल्या तुकड्यांची पिशवी हातात दिली आणि त्या आत गेल्या.

टाकवेना म्हणून ते तुकडे कुटून, त्यांतले जंतू वाढतात का बघायला, प्रयोगशाळेत काचेच्या बशांत ठेवले. एरवी दोन दिवसांत भराभर वाढणारे दांडगे जंतू सगळी बशी व्यापतात. या वेळी बशी कोरीच. तिसऱ्या आठवड्यात खडूच्या भुकटीसारखे पांढरे ठिपके दिसले, आणि त्यांच्याभोवती पेरलेला आमचा हट्टी जंतू काही केल्या उगवेना! औषध स्पंज बनवतच नव्हता. त्याच्या अंगात राहणारा हा सावकाश वाढणारा सूक्ष्मजीव बनवत होता. दांडगे उन्हामिठात मेले, हा टिकला. गोळी व्हायला अजून कैक वर्षं आहेत, कदाचित होणारही नाही. पण विषय वाचला.

“वाळवायचं कुणाला सुचलं?” सरांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.

संध्याकाळी मावशींची माफी मागताना रडूच आलं. त्यांचे यजमान म्हणाले, “दोन दुपारी काठी घिऊन कावळं हाकत बसलीवती, तुज्या मासळीपायी.”

मग मी वही काढून, पद्धत लिहायची म्हणून, मीठ किती लावलं होतं ते मावशींना विचारलं.

“अंदाजानं,” त्या म्हणाल्या. “फुडच्या बारीला माज्याजवळ बस आन् मोज.”