खिळ्यांचं पाऊल

गौरींसाठी तांदळाचं पीठ कालवलं की त्या ओल्या वासाबरोबर मला कोलोनचं ते म्युझियम आठवतं. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत आल्या होत्या; बाहेर ऱ्हाइनवर धुकं, आत पिवळसर, झोपाळू उजेड. एका काचेमागे रोमन लीजनच्या, म्हणजे पलटणीच्या, भट्टीतली कौलं मांडली होती, आणि त्यातल्या एकावर, माती ओली असताना, कोणा सैनिकाचा पाय पडला होता. पायताणाच्या खिळ्यांचे ठिपके अजून स्पष्ट दिसत होते. पाटीवरचं जर्मन वाचून मी म्हटलं, “आई, ही अख्खी पलटण पुढे कुठे नाहीशी झाली, कुणालाच माहीत नाही.” सासरे फौजेत होते, सीमेवरून परतलेच नव्हते, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. सासूबाई काचेजवळ वाकल्या. “अगं, पण हे पाऊल आत येतंय की बाहेर जातंय?” दोन दिवसांनी आमच्या दारात त्यांनी गौरीची पावलं काढली आणि शेजारी नुसत्या ठिपक्यांचं एक मोठं पाऊल काढलं, बोटं घराकडे. आता त्या नाहीत. ते पाऊल मी काढते. मुलगा दरवर्षी जर्मनमध्ये विचारतो, हे कुणाचं? मी म्हणते, “आजोबांचं. सरक, आत येऊ दे त्यांना.”