अंगठ्यानं दिलेला कौल

पनवेलजवळ, कोनच्या अलीकडच्या एका गावात, जिथे आता घरांपेक्षा टॉवर जास्त आहेत, गावदेवीचं देऊळ आहे आणि देवळात तुळशीराम आहे. शेतं गेली, मिठागरं गेली, तळ्याच्या जागी पार्किंग झालं. देवीला मात्र कुणाला हलवता आलं नाही आणि देवी हलली नाही म्हणून तुळशीरामही हलला नाही.

कौल लावायचा मान त्याच्या घराण्याचा. कौल लावणं म्हणजे देवीला विचारणं. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. पूर्वी लोक हरवलेल्या बैलाचं विचारत. आता खांदा कॉलनीतून गाड्या घेऊन येतात आणि व्हिसाचं विचारतात. एका गृहस्थानं तर सोसायटीच्या चेअरमनपदाला उभं राहू का, म्हणून विचारलं. डावी पडली, तरी गडी उभा राहिला आणि तोंडावर आपटला. त्यानंतर कॉलनीतून येणारी गर्दी वाढली.

देव खरंच ऐकतो का, असा वाद कुणी शिकलेला माणूस घालायला लागला की तुळशीराम हसून म्हणे, "ती ऐकते. तिचं आपल्याला ऐकवत नाय." बोलायला काय जातं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान. स्वतःवर पाळी आली तेव्हा ह्याच माणसाची छाती झाली नव्हती.

त्याला आता वीसेक वर्षं होत आली. बायको, भामा, नुकतीच गेली होती. घरात तो आणि एकुलती एक पोर, निशा. निशा नर्सिंग शिकली आणि तिला बंगळुरूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. पोरीनं पनवेलच्या बाजारातून पांढरे बूटसुद्धा आणले. तुळशीरामनं तोंडानं नाही म्हटलं नाही. तो फक्त जेवेनासा झाला. शेवटी निशाच म्हणाली, "बाबा, आईलाच इचारू. ती बोलेल तसं."

आई म्हणजे देवी. सकाळी निशा डोळे मिटून समोर बसली आणि तुळशीराम पाकळ्या घेऊन आत गेला. डावी त्यानं नेहमीसारखी पाण्यानं लावली. उजवी लावताना त्याच्या डोळ्यांपुढे रिकामं घर आलं, एकट्यासाठी मांडलेली चूल आली. देवीच्या अंगावर तेलात कालवलेल्या शेंदराचा थर असतो. पाण्याची पाकळी सुकली की गळते, पण त्या थरात अंगठ्यानं दाबलेली दिवसभर जागची हलत नाही. त्यानं उजवी दाबली. पाप वगैरे काही तेव्हा मनात आलं नाही. पोर जवळ राहावी एवढंच होतं.

डावी पडली. निशानं ती उचलून कपाळाला लावली आणि एक शब्द न बोलता घरी गेली. बूट तिनं शेजारच्या पोरीला देऊन टाकले.

पुढं तिचं लग्न कोनमध्येच झालं. नवरा, धनेश, रेती-सिमेंटचा धंदा करतो. माणूस भला आहे, त्याच्यात काही खोट काढायला जागा नाही. निशा दर आठवड्याला बापाला भेटायला येते, येताना वाकट्या मासळीचं कालवण आणते. तुळशीरामला हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त आळीत कुणाला चक्कर आली, कुणाचा हात भाजला की निशा धावत जाई, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते एरवी कधी यायचं नाही. बापाला ते दिसे. दिसलं की तो मान फिरवी आणि त्या दिवशी त्याला कालवण गोड लागत नसे.

यंदा निशाची मुलगी मनस्वी बारावी झाली आणि तिला डेहराडूनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पोरीला एवढं लांब पाठवावं की नाही, यावर घरात दोन मतं पडली. निशा सकाळीच एकटी देवळात आली. "बाबा, कौल लावा."

तुळशीराम पाकळ्या घेऊन आत गेला. ह्या वेळी चूक निस्तरायची, असं त्यानं ठरवलं. कशी? तर जुनीच खोड, फक्त बाजू बदलून. उजवी पाण्यानं लावली आणि डावी शेंदरात, जीव खाऊन दाबली. नातीला जाऊ दे, म्हणजे लेकीचं देणं फिटलं, असा सोयीचा हिशेब म्हाताऱ्यानं केला.

दोघं बसली. बाहेर डंपर जात होते. आणि डाव्या खांद्यावरचा शेंदराचा जुना पोपडाच सुटला, पाकळीसकट खाली आला.

निशानं सवयीनं ती उचलली. कपाळाकडे नेता नेता तिचा हात थांबला. ह्याच देवळात लहानाची मोठी झालेली ती. तिनं पाकळीची मागची बाजू बघितली, बोटाला लागलेलं तेल बघितलं.

"पानी लावतात ना, बाबा? ही शेंदरात कशी रुतली?"

तुळशीरामनं खाली पडलेल्या पोपड्याकडे बघितलं. डावी खरी मानून ही घरी गेली तर नातही अडकणार. "ती मी दाबली," तो म्हणाला. "मनस्वीला जाऊ द्यावं म्हनून."

निशानं पाकळी मुठीत धरली.  मग हळू आवाजात म्हणाली, "आनि माज्या टायमाला?"

त्यानं मान खाली घातली.

"घरात कवा भांडान झालं, कवा लय कोंडल्यासारखं झालं, तर मी सोताला समजवायची," निशा म्हणाली. "आईनं ठेवलंय मला हितं. तिला कायतरी दिसत असंल. त्याच्यावर दिस काढले मी, बाबा."

"चुकलो मी, बाय."

"तवा ती काय बोलली असती? उजवी का डावी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं असतं तरी त्याला आता जमलं नसतं. "ठाव नाय," तो म्हणाला. "मी तिला बोलूच दिलं नाय."

निशा उठली. "मनस्वी जाईल," ती म्हणाली. "तिला जायाचं हाय, तेवढं पुरे." पाकळी तिनं देवीच्या पायाशी ठेवली आणि नमस्कार केला. जाताना बापाच्या पाया पडायला ती नेहमी वाकायची. आज ती त्याच्या बाजूनं निघून गेली आणि पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावू लागली.