चालू इंजिन

मामा कशालाही हात लावायचे तो उलटा. तळहात नाही, बोटांची पाठ. आईने तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. क्षणभर डोळे मिटायचे आणि मग निकाल: "थंड हाय. बरा हाय."

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कळतं. आमचे हे जासईचे मामा. तुर्भ्याला आमच्या कोल्ड स्टोरेजच्या मागच्या शेडमध्ये ट्रकएवढं डिझेल इंजिन होतं. लाइट गेली की ते जनरेटर फिरवायचं आणि आत मासळी, आंबे शाबूत राहायचे. ते इंजिन मामांच्या ताब्यात. मी तिथला अ‍ॅडमिन. म्हणजे जे काम कुणाचंच नसतं, ते ज्याच्या टेबलावर येतं तो.

दर मंगळवारी सकाळी तपासणी. तेलाची पट्टी काढून मामा ती पँटच्या उजव्या मांडीला पुसायचे. त्यांच्या सगळ्या पँटींना त्याच जागी काळा पट्टा होता. तेल बोटांत चोळून बघायचे, वास घ्यायचे. रेडिएटरचं पाणी, बेल्टचा ताण, फिल्टरची धूळ. मग इंजिन चालू करून बेअरिंगवर उलटा हात.

हा हात माणसांनाही सोडायचा नाही. एकदा मी जिना चढून धापा टाकत होतो, तर माझ्या कपाळाला लागला.

"साहेब, तुमचा एअर फिल्टर चोक झालाय. वयनीला सांगा, भात कमी करा."

घरी मी हे मोठ्या हौसेने सांगितलं. बायको पोट धरून हसली आणि त्या रात्रीपासून भात खरंच कमी झाला. पोरं अजून ही गोष्ट मागून ऐकतात. घरी मी ती इथेच संपवतो. तुम्हाला पुढची सांगतो.

आमच्या भागात नवीन सबस्टेशन झालं आणि लाइट जायची बंद झाली. सगळे खूश. मामा सोडून. ते रोज सकाळी मला विचारायचे, "नेरुलला गेली काय लाइट?"

"नाही हो मामा."

"घनसोलीला?"

"तिथेही नाही."

"चाललंय बरा," असं म्हणून ते तोंड पाडून शेडमध्ये जायचे. अख्ख्या नवी मुंबईत लाइट जाण्याची वाट बघणारा तो एकच माणूस असेल.

मग ऑफिसने ठरवलं, इंजिन काढून टाकायचं. कर्जतचा एक भातगिरणीवाला चालू इंजिन म्हणून घेणार होता. मामांनी ते घासून असं लख्ख केलं की मला त्यात माझं पोट दिसायला लागलं. गिरणीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि शेवटी आलाच नाही. सौदा कळंबोलीच्या भंगारवाल्याशी झाला.

मी मामांना स्पष्ट सांगितलं, "कळंबोलीचे लोक येणार आहेत. तोडून नेणार."

"येउंदे. चालू करून दावतो. चालू इंजिन कोन तोरल?"

ते आले त्या सकाळी मामांनी नवं तेल भरलं होतं. बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. सगळी शेड थरथरली. मामा भंगारवाल्याकडे बघत उभे राहिले, पोराचं बक्षीस घ्यायला आलेल्या बापासारखे.

"एक नंबर मशीन आहे काका," भंगारवाला म्हणाला. "आता बंद करा आणि ऑइल काढा. कटर लावला की पेट घेईल."

मामांनी इंजिन बंद केलं. सकाळी भरलेलं तेल स्वतःच काढलं. मग बेअरिंगवर उलटा हात ठेवला. "गरम हाय. थांबा जरा."

लोक चहाला गेले, परत आले. "गरम हाय." सावलीत बसून त्यांचं तंबाखू मळून झालं. "अजून गरम हाय."

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन हात लावला, मामांसारखाच उलटा. लोखंड गार पडलं होतं.

"गरम आहे हो," मी म्हणालो.

त्याने आमच्या दोघांच्या मधून आपला तळहात सरळ इंजिनावर टेकवला. भला माणूस असावा. खाली बघत कटरवाल्याला नुसती मान हलवली.

मामांनी आणखी एकदा डोळे मिटले.

"थंड हाय," म्हणाले. पुढचं म्हणालेच नाहीत. हात पँटला पुसला, त्याच काळ्या पट्ट्यावर, आणि गेटकडे चालू लागले.

मंगळवारी मामा आले नाहीत. लाइटही गेली नाही.