लालासाहेबाचा भाला

कोयनानगरचे वायरमन नाथाजी सुट्टीच्या दिवशी पत्र्याच्या खोलीत राक्षसांच्या लढाईचा खेळ मांडत. नियम त्यांनीच केलेले, आणि कुणी वाद घातला की ते तडक पट गुंडाळायचे. फेकलेलं शस्त्र लागलं का चुकलं, ते कवड्यांवरून ठरायचं.

त्र्याहत्तर साली एका डावात खेळगडी लालासाहेबानं पटावरच्या राक्षसावर भाला फेकला. कवड्या उताण्या पडल्या, म्हणजे भाला लागला. तेवढ्यात जमीन हादरली आणि कवड्या पालथ्या झाल्या.

"आवं, आदीचंच धरा!" लालासाहेब ओरडला. "भूकंप काय खेळात हाय व्हय?"

नाथाजी आता खवळणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते पालथ्या कवड्यांकडं बघत म्हणाले,

"सदुसष्टच्या भूकंपात घर पडलं. लेक आत हुती. तवा मीबी ह्येच म्हणत हुतो, गड्या. आदीचंच धरा."